कठडा काढलेला चौथरा

आत्या,

राजनला मी पाडलं. दिल्लीत, भरल्या हॉलमध्ये, त्याच्या मालकासमोर आणि पाहुण्यांसमोर. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहायला बसले आहे. तू असतीस तर आधी कपाळावर हात मारला असतास आणि मग विचारलं असतंस, "लागलं का गं त्याला?" नाही लागलं. तेवढी काळजी मी घेतली होती. का घेतली ते पुढे सांगते.

तुला जाऊन दोन महिने होऊन गेले. अजून लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. "किती सोसलं, पण कुणाविषयी वाकडा शब्द नाही," म्हणतात. मी चहा देते. तू न बोललेले ते वाकडे शब्द कुठे जाऊन साठले, ते त्यांना कुठे माहीत आहे? ते माझ्यापाशी साठले. तू उशीवर डोकं टेकून "जाऊ दे, सोड" म्हणायचीस आणि मी तुझी कूस बदलताना दात आवळून धरायचे. आपलं हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस. आता माझी बाजू पूर्ण ऐकून घे. मध्ये बोलता येणार नाही तुला, हा एक फायदा.

हे सगळं सुरू झालं ते किती हसत. राजन, कंप्यूटरवर चित्रं काढणारा तुझा शिष्य, दिल्लीहून आला होता आणि बनारसच्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या आपल्या घरात, तुझ्या नाचाच्या खोलीत, ओल्या केसांनी बसून हातवारे करत होता. तिथल्या एका गेम पार्लरमध्ये त्याने जपानहून आलेलं यंत्र पाहिलं होतं. समोर पडदा, पायाखाली बाणांचे चौकोन. पडद्यावर बाण वर सरकत येतात, रेघेला टेकले की त्या चौकोनावर पाय मारायचा. गाणं चालू असतं. चुकलं तर यंत्र हिणवतं, जमलं तर टाळ्या वाजवतं.

"बुआजी, पूरा मेला लगा रहता है उसके आगे," तो म्हणाला. "हम लोग वही खेल हेल्मेट में बनाएँगे. परदा ही नहीं रहेगा. आदमी खेल के अंदर खड़ा होगा. और बाण-वाण नहीं, कथक."

तू पायातल्या घुंगरांची गाठ सोडत होतीस. न थांबता विचारलंस, "अंदर मतलब? किसके अंदर?"

कंपनी दिल्लीची, मालक दिल्लीचा. चित्रं राजन करणार, पाय आणि ताल यांचं गणित मी करणार, आणि नाच तुझा. बनारस सोडून जायला लागणार नाही म्हणून मी लगेच हो म्हटलं. तू दोन दिवसांनी बाबांना म्हणालीस, "अण्णांनी मला नाचू दिलं नव्हतं. आता कंप्यूटर नाचू देतोय, तर त्याला कशाला नाही म्हणू?" अण्णा म्हणजे तुझे वडील, माझे आजोबा. ब्रह्मा घाटावर वेद शिकवणारे. मुलगी गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या कबीरचौऱ्यात जाऊन कथक शिकते हे कळल्यावर ते तुझ्याशी बोलायचे थांबले. ते गेले तेव्हा त्यांचे पाय तूच चेपत होतीस. तेव्हाही तू सोडूनच दिलं होतंस. तुझी ही सवय जुनी.

संक्रांतीच्या सुमाराला हेल्मेट आलं. आठवतं? खोकं उघडताना बाबासुद्धा खुर्ची घेऊन बसले होते. काळं, जड, मागे जाड वायरींची शेपटी, आणि आत डोळ्यांपुढे दोन इवलेसे पडदे. तू त्याला पहिल्या दिवसापासून 'मुकुट' म्हणालीस. "आण गं तुझा मुकुट." घातलास, आणि राजनने तयार केलेला घाट तुला पहिल्यांदा दिसला. दगड जरा चौकोनी, पाणी जरा जास्त निळं. तू हात पुढे करून एक पायरी चाचपलीस आणि तिथे काहीच नाही म्हटल्यावर लहान मुलीसारखी हसलीस. मग पाच मिनिटांत हेल्मेट काढून मोरीकडे धावलीस, कारण मान वळवली की आतलं चित्र क्षणभर उशिरा वळायचं आणि पोटात ढवळायचं.

त्या क्षणभराच्या उशिराने आमचं डोकं खाल्लं. पाय समेवर पडायचा, पण डोळ्यांना तो मागाहून दिसायचा. राजन चित्रं हलकी करत बसला, मी गणितं करत बसले. तूही रोज आमच्यात येऊन भांडायचीस. शेवटी एका दुपारी बत्ती गेली, सगळं बंद पडलं, आणि आपण तिघं खिडकीशी फुलकी, आपली पाणीपुरी, घेऊन बसलो असताना तूच म्हणालीस की माणसाने नाच आधी ऐकला तर? आधी तुझ्या आवाजात बोल यावेत, ता थेई थेई तत, आणि नंतर तेच बोल पायांनी करायचे. डोळ्यांना दिवे दिसतील, पण पाय कानाच्या मागे जातील. राजन ओरडलाच, "अरे बुआजी, जियो!" आणि त्याने तुझ्या पायाला हात लावला. हे मी विसरले नाही. त्याच्यावर राग आहे म्हणून जे झालं ते झालं नाही असं मी म्हणणार नाही. तो आपल्या घरातला होता. तुझ्या हातची आमटी मागून घ्यायचा. तू त्याच्या सर्दीसाठी काढा करायचीस आणि तो नाक धरून प्यायचा.

पायाखालच्या चौकोनांच्या वायरी कुठे लपवायच्या, हा पुढचा प्रश्न. म्हणून रामनगरच्या सुताराकडून लाकडी चौथरा करून घेतला, मांडीएवढा उंच, आत पोकळ. डोळे झाकलेला माणूस त्यावर नाचणार, म्हणून तूच सुताराला चारी बाजूंनी कठडा करायला लावलास. "बाबू, हाथ यहाँ तक आना चाहिए," असं म्हणून स्वतःच्या कमरेला हात लावून उंची दाखवलीस. होळीनंतर तो चौथरा नावेत घालून आणला. नावाडी म्हणाला बसायला जागा नाही, तर तू त्या चौथऱ्यावरच चढून बसलीस, कठड्याला धरून, पदर डोक्यावर, एखादी वरात चालली असावी तशी. घाटावरची माणसं बघत होती. तू त्यांना हात दाखवलास! त्या दिवसासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. मी कुणाला एवढं आनंदात क्वचितच पाहिलं आहे.

आपलं दुसरं भांडण त्याच चौथऱ्यावरचं. तिहाईचं. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचं अक्षर समेवर टाकायचं, एवढं मला कळत होतं. पण तुझ्या तिहाईत दोन तुकड्यांच्या मध्ये तू थांबायचीस. काही नाही करायचीस. आणि तुला त्या थांबण्याचे गुण हवे होते.

"न केलेल्या गोष्टीचे गुण कसे द्यायचे गं?" मी म्हणायचे. "पाय पडला तर गुण. पडलाच नाही तर कसले?"

"थांबायला पायापेक्षा जास्त ताकद लागते, मुक्ते. पाय तर कुणीही आपटतो."

"आत्या, हा खेळ आहे. पोरं पैसे देऊन येणार. त्यांना उभं करून ठेवायचं?"

"मग नाच म्हणू नकोस ना त्याला. कवायत म्हण."

मी मानलं नाही. तू तीन दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोललीस.

मग वैशाखातली ती सकाळ आली. बाकी कुणाला माहीत नसेल तर नसो, पण तुझ्या-माझ्यात हे एकदा नीट मांडून ठेवू दे, कारण तू ते कधीच नीट ऐकून घेतलं नाहीस. मालकाला दाखवायला राजन व्हिडिओ करणार होता. कॅमेरा त्याने मागून लावला होता आणि मागचा कठडा चित्रात येत होता. तू वर चढायच्या आधी त्याने तो उपटून भिंतीला टेकवून ठेवला. मी वायरींच्या जंजाळात पाठ करून बसले होते. तू तर हेल्मेट घालूनच हात धरून चढायचीस, तुला काय दिसणार? त्याने तुझा हात धरून तुला चढवलं. कठडा काढलाय, हे सांगितलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. घाटाच्या चित्रात त्याने आदल्या दिवशी एक खड्डा घातला होता. नाचता नाचता पायाखालचे दगड फाटतात आणि खाली काळोख दिसतो. आपल्याला दोघींनाही त्याने हे सांगितलं नव्हतं. त्याला बघायचं होतं की माणूस कसा दचकतो. दचकणारा चेहरा कॅमेऱ्यात खरा दिसला पाहिजे, हे त्याचे नंतरचे शब्द आहेत.

तू छान नाचत होतीस. तुझाच आवाज बोल देत होता आणि तू त्याला उत्तर देत होतीस. मग एकदम "अगं आई" म्हणालीस आणि पाय मागे घेतलास. तुझा उजवा हात मागे गेला. कमरेच्या उंचीला, बरोबर जिथे तो असायला हवा होता तिथे. त्या हाताने हवेत दोनदा कठडा शोधला. मग तू नव्हतीस, चौथरा मोकळा होता आणि खालून आवाज आला. वायर ताणून हेल्मेट डोक्यावरून निघून पडलं होतं आणि त्यातून तुझा आवाज बारीक, स्वच्छ, बोल म्हणतच होता.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात वेळ लागेल. राजन इस्पितळात रडला, मान्य आहे. "बुआजी, गलती हो गई," म्हणाला. तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. मला वाटलं, ठीक आहे, चूक झाली. पण त्याने मालकाला काय कळवलं ते मला पुढे दिल्लीच्या ऑफिसात कळलं. बुआजींचं वय झालंय, ऐकलं नाही, स्वतःहून काठावर गेल्या. मालकाने खड्डा काढून टाकायला सांगितला आणि विषय संपवला.

मी काम सोडायला निघाले होते. तू सोडू दिलं नाहीस. "माझा आवाज आहे त्यात. तू सोडलंस तर तो त्याच्या एकट्याच्या हातात राहील." म्हणून श्रावणात मी दिल्लीला गेले, ताल जमवायला. दुपारी चहाच्या वेळी ऑफिसातली पाचसहा मुलं एका कंप्यूटरभोवती गोळा होऊन हसत होती. मी वाकून पाहिलं. तू होतीस. कापून, जोडून, एवढीशी फीत केली होती. हात मागे जातो, हवेत चाचपडतो, तू पडतेस. पुन्हा सुरू. पुन्हा हात मागे जातो. राजनने ती मालकाच्या पाहुण्यांना दाखवायला केली होती. हेल्मेट किती खरं वाटतं त्याचा पुरावा म्हणून. एक मुलगा म्हणाला, "देखो देखो, दादीजी का टेक-ऑफ." राजन तिथेच होता. चहा पीत. मला पाहून त्याने कंप्यूटर बंद केला, पण हसू पुसायला त्याला वेळ लागला.

घरी येऊन मी तुला सांगितलं. सांगायला नको होतं असं बाबा म्हणतात. तू विचारलंस, "पडताना साडी नीट होती ना गं माझी?"

मी म्हटलं, "हो, नीट होती."

नव्हती, आत्या. गुडघ्याच्या वर गेली होती. आणि ती मुलं तेच पुन्हा पुन्हा लावत होती. तू जन्मभर पिना लावून, पदर खोचून, आरशात मागून-पुढून पाहून नाचलेली बाई. त्या दिवशी तू मला म्हणालीस, "पोरगा आहे. सोड. आपल्या घरात जेवलाय तो." आणि मी त्याच दिवशी ठरवलं की याला सोडायचं नाही. आपल्या घरात जेवला, हेच तर त्याच्याविरुद्ध सगळ्यांत मोठं कलम होतं.

गंगा चढली, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, पाणी उतरलं, गाळ उरला. तू उठली नाहीस. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. नवरात्र संपलं आणि दिवाळीआधी तू गेलीस. राजनची तार आली दिल्लीहून. तारेत सगळे शब्द बरोबर होते.

कार्यक्रम मार्गशीर्षात ठरला. सगळीकडे नव्या शतकाच्या गोष्टी चालल्या होत्या, जानेवारीत सगळे कंप्यूटर बंद पडणार म्हणून लोक धास्तावले होते आणि मालकाला त्याआधी आपला खेळ विकायचा होता. लखनौ, कानपूर, जयपूरहून पार्लरवाले येणार होते. राजनचा फोन आला. ताल पुन्हा सुटतोय, मी गेल्याशिवाय जमणार नाही. आवाजात थोडी भीती होती. मी म्हटलं, येते.

राजनने केलेला तो खड्डा माझ्याकडे होता. तू पडलीस त्या संध्याकाळीच मी तो एका फ्लॉपीत उतरवून ठेवला होता. तेव्हा फक्त पुरावा म्हणून. दिल्लीत मी ताल जमवला, प्रामाणिकपणे जमवला, तुझ्या आवाजाला धक्का लागू दिला नाही. आणि ऐक, तुझी तिहाई तुला हवी तशी केली. दोन तुकड्यांमध्ये थांबा. थांबलेल्याला गुण. मग त्या थांब्याच्या जागी खड्डा परत बसवला. म्हणजे दगड फाटले तरी जो नुसता उभा राहील त्याचं काही बिघडणार नव्हतं. उलट त्याला सगळ्यांत जास्त गुण मिळणार होते. राजनला मी एवढी संधी दिली, जी त्याने तुला दिली नव्हती.

आणखी एक. हॉलमध्ये स्टेजवर चौथरा मांडायचं चाललं होतं. मी हट्ट धरून चौकोन खाली जमिनीवर अंथरायला लावले, भोवती जाड गालिचे. राजन म्हणाला, "इतना डर गई हो?" मी म्हटलं, "हाँ." मला तो पडायला हवा होता, मोडायला नको होता. मी राजन नाही, एवढं मला स्वतःला दाखवायचं होतं.

तो झकास कुर्ता घालून आला. भाषण केलं. काशीची परंपरा, नवं तंत्र, वगैरे. तुझं नाव घेतलं नाही. 'एक पारंपरिक आवाज' असं म्हणाला. मग हेल्मेट चढवलं. हेल्मेटच्या आत त्याला जे दिसत होतं ते मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. घाट, दिवे, निळं पाणी. तुझा आवाज सुरू झाला. तू गेल्यानंतर तो मी पहिल्यांदाच एवढा मोठ्याने ऐकत होते. तो नाचला. बरा नाचला, तुझ्याकडूनच तर शिकला होता. तिहाई आली. पहिला तुकडा. थांबा.

दगड फाटले.

आत्या, तो किंचाळला. "अम्मा!" असं ओरडला. मागे सरला, हात मागे गेले, काही सापडलं नाही, आणि तो सपाट जमिनीवर चारी हातापायांवर कोसळला. लागलं नव्हतं, पण तो उठेना. गालिच्याची कड दोन्ही मुठींत धरून, डोकं खाली घालून तसाच राहिला, कारण हेल्मेटच्या आत त्याच्या खाली अजून काळोख होता. स्वतः काढलेलं चित्र होतं ते. वरून तू दुसरा तुकडा म्हणत होतीस.

मग कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले, आणि मग, तुला विश्वास बसणार नाही, टाळ्या पडल्या. मालक उठून उभा राहिला. "वाह! यह तो कमाल की चीज़ है! इसे रखो!" त्यांना तो खेळाचा भाग वाटला. माझा सूड त्यांना आवडला होता. एवढं करून मी त्याला यश मिळवून देणार होते?

तोवर राजनने हेल्मेट काढलं होतं. चेहरा राखेसारखा. त्याने मला हॉलमध्ये शोधलं आणि त्याला कळलं.

मी पुढे गेले, माईक घेतला. माझी हिंदी तुला माहीत आहे, रागात फार शुद्ध होते. मी म्हटलं, हा खड्डा यांनी बनवला आहे. ज्या बाईंचा आवाज तुम्ही आत्ता ऐकला त्यांना न सांगता बनवला, आणि त्यांच्या पाठीमागचा कठडा कॅमेऱ्यात येतो म्हणून काढून ठेवला. त्या पडल्या. त्या आता नाहीत. त्यांच्या पडण्यावर या ऑफिसात लोक हसले आहेत. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. मग राजनकडे वळून म्हटलं, "सबको इतना पसंद आया है. एक बार फिर पहन लीजिए."

मालक घाईने म्हणाला, "हाँ हाँ, पहनो भाई, दिखा दो." त्याला प्रकरण झटकन मिटवायचं होतं.

राजनने हेल्मेट उचललं. तोंडापर्यंत नेलं. आत एकदा डोकावून पाहिलं. त्याने ते परत खाली ठेवलं. "नहीं पहन पाऊँगा," असं पुटपुटला.

लखनौहून आलेल्या एक बाई होत्या, पार्लरवाल्या. त्यांनी पर्स उचलली आणि अगदी शांतपणे विचारलं, "आप खुद नहीं पहनेंगे, तो हम बच्चों को कैसे पहनाएँ?" त्या गेल्या. मागोमाग बाकीचे उठले.

मालकाने आम्हां दोघांनाही काढून टाकलं. यंत्र, डिस्का, टेपा, सगळं कुठल्या तरी गोदामात पडलं आहे. आता या गोष्टीतली जी जागा मला दुखते ती सांगते. तू म्हटलेले ते सगळे बोल, तुझं पढंतसुद्धा त्यातच आहे. आमच्यापाशी त्याची प्रत नाही. मी मागितली, त्यांनी फोन ठेवून दिला. फ्लॉपीत तो खड्डा मावला होता, आत्या. तुझा आवाज मावला नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. पण सकाळी तुझ्या नाचाच्या खोलीचं दार उघडते आणि आत काही ऐकू येत नाही, तेव्हा मी तिथे जरा जास्त वेळ उभी राहते, एवढं मात्र खरं.

आणि आता कालचं. काल तुझं मासिक श्राद्ध होतं. ब्राह्मण जेवून गेले, बाबा आणि मी पानावर बसणार इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. राजन होता. दाढी वाढलेली, हातात गुलाबाचा हार, पानाच्या द्रोणात. दारातच थांबला.

"बुआजी की फोटो के आगे हाथ जोड़ने दो, मुक्ता. फिर चला जाऊँगा."

बाबा अर्धे उठले होते. "येऊ दे गं त्याला," हळूच म्हणाले. "ताई असती तर आत घेतलं असतं. पान वाढलं असतं."

"ताई नाहीये," मी म्हटलं.

राजनला मराठी समजते, तुला माहीत आहे. त्याने मान खाली घातली. "जो किया, उसकी सज़ा मिल गई. नौकरी गई. नींद में भी वही गड्ढा दिखता है. तुमने बराबर कर लिया न? अब तो..."

"बराबर?" मी म्हटलं. "तुम उठकर खड़े हो गए थे, राजन."

त्याने वर पाहिलं. हार त्याने उंबऱ्यावर ठेवला. मी तो उचलून परत त्याच्या हातात दिला. तो जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते, मग दार लावलं आणि कडी घातली.

तू ते उघडलं असतंस. बाबा म्हणतात तसं पानही वाढलं असतंस, आणि तो रडला असता, आणि तू त्याच्या डोक्यावर हात ठेवला असतास. मला ठाऊक आहे. तुझ्यावर माया आहे म्हणून तुझ्यासारखी होईन असं मात्र तू धरून चालू नकोस. तिकडे जे कुणी भेटत असतील त्या सगळ्यांना तू माफ करत बस. मी आले की आपण पुन्हा भांडू.

बाबांनी पानाला हात लावला नाही. चूळ भरून खिडकीशी जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. मी माझ्या पानावर बसले. भात कालवला, वर तूप घेतलं, आणि पोटभर जेवले.

तुझी,
मुक्ता